दुखत असलं तरी किती जमतं? कंबरदुखी, अपंगत्व आणि भरवशाचा प्रश्न

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, शाळेत शिकवते. पाच वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली दिसली. नस दबलेली नाही, ऑपरेशनची गरज नाही, असं दोन सर्जननी सांगितलं. तरीही खाली वाकणं, सहा वर्षांच्या मुलाला उचलणं, लांबचा प्रवास, उभं राहून शिकवणं हे एकेक करत सुटत गेलं. नव्या फिजिओथेरपिस्टने दहा विधानांचा एक कागद भरून घेतला, त्यात ६० पैकी १७ गुण आले आणि ‘तुमचा स्वतःवरचा भरवसा कमी पडतोय’ असं त्या म्हणाल्या. मग हे दुखणं माझ्या मनाचं आहे का? भरवसा वाढवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? आणि पाच वर्षं लावत आलेला कमरेचा पट्टा पुढे लावायचा की नाही?

मी बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यातली बरीचशी जुनाट कंबरदुखीच्या लोकांबरोबरच गेली. आधी त्या १७ बद्दल बोलू, कारण तुम्हाला लागलंय ते तेच.

हा कागद मायकेल निकोलस या मानसशास्त्रज्ञाने तयार केला. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो वापरात आला आणि २००७ मध्ये त्याची सविस्तर तपासणी छापून आली. दहा विधानं, प्रत्येकाला ० ते ६ गुण. घरकाम, नोकरी, लोकांत मिसळणं, छंद, गोळ्यांशिवाय दिवस निभावणं असे त्यातले विषय. भरताना कदाचित लक्षात आलं नसेल, पण बहुतेक ओळींच्या शेवटी एक शेपूट आहे: ‘दुखत असलं तरी’. सगळा कागद त्या शेपटावर उभा आहे. किती दुखतं, हे तो विचारतच नाही. दुखत असताना अमुक गोष्ट जमेल याची तुम्हाला किती खात्री वाटते, एवढंच विचारतो. म्हणजे १७ या आकड्याने तुमचं दुखणं खोटं ठरवलेलं नाही. ‘आज दुखतंय, म्हणजे आज हे जमणार नाही’ हा हिशेब तुमच्या डोक्यात पक्का झालाय, इतकंच तो सांगतो. हा हिशेब तुम्ही हवेतून काढलेला नाही. पाच वर्षांचे अनुभव आणि पाच वर्षांत लोकांनी सांगितलेल्या गोष्टी यांवरून तो बसलाय. त्यामुळे त्यात चूक असू शकते, आणि तो नव्याने मांडताही येतो.

गुण २० च्या खाली आले की मी तरी थांबते. कारण अशा माणसाच्या हातात व्यायामाचा तक्ता दिला तर तो घरी जाऊन घडी करून ठेवला जाणार, हे मी पुष्कळदा पाहिलंय. चाळीसच्या पुढे गुण असलेला माणूस तोच तक्ता घेऊन जातो, त्यात स्वतःच्या सोयीने दोन बदल करतो आणि पुढच्या वेळी प्रश्न घेऊन येतो. तुमच्या फिजिओथेरपिस्टने आकडा सांगितला ते बरोबरच केलं. सांगण्याची पद्धत चुकली असावी.

‘आत्मविश्वास’ हा शब्द इथे मला नकोसा वाटतो. आत्मविश्वास म्हटलं की स्वभावाचा काही गुण वाटतो: एखाद्यात असतो, एखाद्यात नसतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये जी कल्पना मांडली ती वेगळी होती. पुस्तकी मराठीत तिला स्व-परिणामकारकता वगैरे म्हणतात, पण तो शब्द बाह्यरुग्ण विभागात तोंडातून निघत नाही. मी ‘जमेलचा भरवसा’ म्हणते. हा भरवसा एकेका कामापुरता असतो. चाळीस मुलांचा वर्ग तुम्ही नजरेने गप्प करत असाल आणि तरी खाली पडलेला खडू उचलायची तुम्हाला धास्ती वाटत असेल. दोन्ही एकाच बाईत सुखाने नांदतात. म्हणून ‘तुम्ही मुळात खंबीर आहात हो’ असं कोणी कितीही सांगितलं तरी खडूच्या बाबतीत काडीचा फरक पडत नाही.

आता अपंगत्व. हा शब्द ऐकून दचकू नका. आमच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की कंबरेमुळे रोजच्या जगण्यातलं काय-काय सुटलं किंवा अडखळतंय. ते मोजायला दोन जुने कागद आहेत. एक १९८० चा ऑस्वेस्ट्री निर्देशांक, दुसरा १९८३ ची रोलंड-मॉरिस प्रश्नावली, जिच्यात २४ वाक्यं असतात आणि तुम्हाला लागू पडतील त्यांवर खूण करायची. तर्काने पाहिलं तर दुखणं जितकं जास्त तितक्या खुणा जास्त हव्यात. प्रत्यक्षात तसं सरळ गणित बसत नाही. दहापैकी सात दुखतं म्हणणारा एक गवंडी पाच वाक्यांवर खूण करून कामावर जातो. दहापैकी पाच म्हणणारी एक बाई सतरा वाक्यांवर खूण करते आणि चार महिने घराबाहेर पडलेली नसते. कोण सोसतंय आणि कोण रडतंय, अशी ही तुलना नाही. त्या बाईचं दुखणं खरंच पाच होतं आणि तिचं जगणं खरंच आक्रसलं होतं.

एमआरआयनेही हे अंतर भरून निघत नाही. २०१५ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्र अभ्यास छापून आला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. गादीतली झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६ टक्के. हे सगळे दुखत नसलेले लोक. तुमच्या वयाला गादी थोडी फुगलेली दिसणं म्हणजे केसांत चार पांढरे दिसण्यासारखं आहे. तिच्यामुळे कधीच दुखत नाही, असं मी म्हणत नाही. पण पाच वर्षं एकेक काम का सुटत गेलं, याचं उत्तर त्या फिल्ममध्ये नाही.

मग ते कशात आहे? दुखणं आणि अपंगत्व यांच्यामध्ये काय उभं असतं, हे शोधणारे बरेच अभ्यास झाले. २०१५ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात कंबर आणि मानदुखीवरच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात तीन गोष्टी मधल्या दुव्यासारख्या काम करताना दिसल्या: जमेलचा भरवसा, मनावरचा एकूण ताण आणि भीती. भीती आणि भरवसा यांपैकी जड कोण, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये पाहिलं, तेव्हा भरवशाचं पारडं जड निघालं. मला याचं नवल वाटलं नाही. भीती वाटत असूनही काम करणारे लोक मी रोज पाहते. ‘भीती वाटते, पण एवढं तर नक्की करते’ असं म्हणणारी बाई हळूहळू सुधारते. ‘भीती नाही हो, पण माझ्याच्याने होणारच नाही’ असं म्हणणाऱ्याबरोबर मला जास्त वेळ बसावं लागतं.

एक सावधगिरी इथेच नोंदवते. यातले पुष्कळसे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. भरवसा कमी म्हणून कामं सुटतात हे खरं, तसंच कामं सुटली म्हणून भरवसा जातो हेही खरं. दोन्ही चाकं एकमेकांना फिरवतात. उपचारांसाठी ही वाईट बातमी नाही, कारण चाक कुठूनही फिरवायला घेता येतं. पण ‘भरवसा नाही म्हणून तू अशी झालीस’ असा ठपका ठेवायला यातला एकही अभ्यास पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तसा वापर होताना मी पाहिलाय, आणि विशेषतः विम्याच्या किंवा रजेच्या कागदपत्रांत कोणी तसं लिहिलं की माझं डोकं फिरतं.

‘मनाचं आहे का’ याचं उत्तर नाही असं आहे, पण मन त्यात आहे. १९८७ मध्ये बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बर्फाळ पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. ज्यांना वेदना हाताळण्याच्या युक्त्या शिकवल्या होत्या, त्यांचा भरवसा वाढला आणि ते जास्त वेळ टिकले. मग काहींना नॅलोक्झोन दिलं. अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम अडवणारं हे औषध, शरीरात तयार होणारी तशीच द्रव्यंही अडवतं. ते दिल्यावर त्या लोकांची सहनशक्ती काही प्रमाणात घसरली. म्हणजे भरवशाचा काही भाग रक्तामांसातल्या रसायनांतून काम करत होता. मन आणि शरीर अशी दोन खाती वेगळी ठेवायची सवय आपल्याला आहे. मज्जासंस्था तसा जमाखर्च ठेवत नाही.

भरवसा जातो कसा, ते तुम्ही स्वतःच लिहिलंय. एकेक करत. बहुतेक वेळा सुरुवात एखाद्या शब्दाने होते. ‘मणक्यात गॅप आलाय.’ ‘गादी सरकलीय.’ ‘आता आयुष्यभर वाकायचं नाही.’ सांगणारा डॉक्टर तीन मिनिटांत पुढच्या रुग्णाकडे वळतो, ऐकणारा ते वाक्य घेऊन वीस वर्षं जगतो. गॅप म्हटल्यावर माणसाला आपल्या पाठीत खरोखर फट दिसू लागते, आणि फट पडलेल्या भिंतीला कोण टेकेल?

यात माझाही हात आहे. पहिली सहा-सात वर्षं मीसुद्धा एक छापील पान देत असे: पाठ ताठ ठेवा, कमरेतून वाकू नका, पाच किलोच्या वर उचलू नका. एक बाई तीन वर्षांनी दुसऱ्याच कारणाने आली. तिच्या पर्समध्ये ते पान होतं, घड्यांवर चिकटपट्टी लावून जपलेलं. ती अजून कमरेतून वाकली नव्हती. दुखणं तसंच होतं, वर पाठीचे स्नायू दिवसभर आवळलेले. ती आभार मानत होती आणि मला कुठे पाहू कळेना. ते पान मी त्याच आठवड्यात बंद केलं.

आता तपासणीतली एक गोष्ट सांगते, तुमच्या खडूशी जुळणारी. पन्नाशीचे एक गृहस्थ, ट्रक चालवायचे, दोन वर्षं घरी. मी म्हटलं, जमिनीवरचं पेन उचलून दाखवा. त्यांनी आधी श्वास रोखला. डावा हात टेबलावर टेकवला, पोट आवळलं, पाठ फळीसारखी ताठ केली, एक पाय मागे नेला आणि गुडघे वाकवत खाली गेले. पेन उचलेपर्यंत कपाळावर घाम. दुखणं? ‘आठ.’ मग इकडचं तिकडचं बोललो. जाताना ते खुर्चीवर बसले आणि बूट घालू लागले. गप्पा मारत, पूर्ण पुढे झुकून, पाठ कमानीसारखी गोल करून त्यांनी दोन्ही नाड्या बांधल्या. पेनाच्या वेळी वाकायला हवी होती त्याहून पाठ जास्त वाकली होती. मी विचारलं, आत्ता किती दुखलं? ते थांबले. ‘आत्ता? आत्ता मी वाकलो कुठे?’

त्या प्रश्नापासून उपचार सुरू झाला. त्यांची पाठ वाकत होती. ‘वाकणं’ नावाचं काम तेवढं त्यांना जमत नव्हतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: करायचं काय. बांडुरांनी भरवशाचे चार उगम सांगितले आहेत. स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कोणी पटवून देणं, आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. चारही सारख्या वजनाचे नाहीत. सापांना घाबरणाऱ्या लोकांवरचे त्यांचे १९७० च्या दशकातले प्रयोग आहेत. त्यांत दुसऱ्याला साप हाताळताना पाहिल्याने फरक पडला, पण मदत घेत का होईना स्वतः साप हाताळला त्यांच्यात तो कितीतरी जास्त पडला. कंबरेचंही तसंच. स्वतः करून जमलेल्या कामाला तोड नाही. बाकी तीन त्याला टेकू देतात.

पण ‘करून पाहा’ म्हटलं की लोक काय करतात? ज्या दिवशी जरा बरं वाटतं, त्या दिवशी महिनाभराची कामं उरकतात. कपाट आवरतात, पडदे धुतात, तासभर चालून येतात. मग तीन दिवस अंथरूण. त्यातून जो धडा मिळतो तो बरोबर उलटा: ‘पाहिलंत? करायला गेले की असं होतं.’ ओळखीचं वाटतंय ना? इथे चूक हिमतीची नाही, मापाची आहे. तुम्ही दुखण्याला विचारून काम ठरवता. कमी दुखलं तर खूप, जास्त दुखलं तर शून्य. विल्बर्ट फोरडाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ही गाठ सोडवली. काम दुखण्यावर सोडायचं नाही, आधी ठरवलेल्या मापावर करायचं. माप पूर्ण झालं की थांबायचं, बरं वाटत असलं तरी थांबायचं. हा दुसरा भाग लोकांना जास्त जड जातो.

तुमच्या बाबतीत ते असं करता येईल. उभं राहून शिकवणं घ्या. तीन दिवस घड्याळ लावून पाहा, दुखणं नको इतकं वाढेपर्यंत किती वेळ उभं राहता. समजा ९, ६ आणि १२ मिनिटं आली. सरासरी ९. सुरुवात त्याच्याही खालून करा, सात मिनिटांपासून. वाईट दिवशीही जमेल एवढीच ती असायला हवी. तासाच्या सुरुवातीला सात मिनिटं उभं, मग बसायचं, मग जमेल तेव्हा पुन्हा सात. चौथ्या-पाचव्या दिवशी एक मिनिट वाढवायचं. ‘यात काय, इतकं तर कोणीही करेल’ असं वाटलं पाहिजे. वाटलं नाही तर माप मोठं झालंय. महिन्याभरात सातचे तेरा-चौदा होतात, आणि मधे एकही दिवस ‘हरले’ असा जात नाही. मला हवी असते ती जमलेल्या दिवसांची सलग माळ.

मुलाला उचलणं वेगळ्या वाटेने. सहा वर्षांचा मुलगा म्हणजे अठरा-वीस किलो, आणि तो हलतो. त्याला आधी हात लावू नका. शाळेची पाठपिशवी घ्या, आत तीन किलोची पुस्तकं टाका. टेबलावरून उचला, छातीशी धरा, ठेवा. पाच वेळा, दिवसाआड. आठवड्याने तीच पिशवी खुर्चीवरून, मग बुटक्या स्टुलावरून, मग जमिनीवरून. खाली पोचलात की मग वजन, आठवड्याला एखादा किलो. पाठ थोडी गोल झाली तर होऊ द्या, श्वास मात्र रोखू नका. बारा-तेरा किलोवर आलात की मुलाला पलंगावर उभं करून तिथून उचलायला लागा. त्याला सांगून ठेवा, उडी मारायची नाही. या वाटेला तीन-चार महिने लागतील. मी दोन आठवडे म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्यावरचा आणि स्वतःवरचा विश्वास उडाला असता.

सोबत एक वही ठेवा, तीन रकाने. काम करण्याआधी: किती दुखेल असं वाटतं. लगेच नंतर: किती दुखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी: किती दुखतंय. त्या ट्रकवाल्या गृहस्थांच्या वहीत पहिल्या पानावर ९, ४, ३ असे आकडे होते. दुसऱ्या ओळीत पुन्हा ९, मग ५, ३. पाचव्या-सहाव्या ओळीला अंदाज सहावर आला. मी काही समजावलं नव्हतं; आपलेच आकडे एकाखाली एक पाहून त्यांनी अंदाज उतरवला. पटवून देण्यापेक्षा ही वही जास्त पटवते. अंदाजापेक्षा जास्त दुखलं असेही दिवस येतील, तेही लिहायचे. खोडायचे नाहीत.

दुसऱ्याला जमताना पाहण्याबद्दल थोडंसंच. माणूस तुमच्यासारखा हवा. पाठीवर शस्त्रक्रिया होऊन पर्वत चढलेल्या खेळाडूची गोष्ट ऐकून उलट उदास वाटतं. तुमच्या वयाची, अजूनही थोडं दुखत असलेली आणि तरी पूर्ण तास उभी राहून शिकवणारी सहकारी जास्त कामाची. कंबरदुखीच्या लोकांचे गट घेताना मी मुद्दाम आठ-नऊ आठवडे जुनी एक व्यक्ती नव्या गटात बसवते, पूर्ण बरी झालेली नाही.

शरीराच्या खुणांचा अर्थ हा विषय मात्र नीट समजून घ्या. पाच वर्षांनी स्नायूंना काम दिलं की एक-दोन दिवस ठणकणारच. जिना चढून मांड्या भरून येतात तेव्हा आपण मांडी फाटली म्हणत नाही, कंबरेच्या बाबतीत मात्र तोच ठणका ‘गादी अजून सरकली’ असा वाचला जातो. दुखणं वाढणं म्हणजे इजा वाढणं नव्हे. जुनाट कंबरदुखीत मज्जासंस्था इशाऱ्याची घंटा फार लवकर वाजवायला शिकलेली असते. दोन-तीन दिवसांत ओसरणाऱ्या ठणक्याकडे लक्ष देऊ नका.

घंटा खरी असण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. लघवी अडणं किंवा कळत-नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुप्तांगाभोवती बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ताप, विनाकारण घटतं वजन, पूर्वी कर्करोग झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांसाठी डॉक्टरांकडे लवकर. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, पण न सांगता पुढे जाणं बरोबर नाही.

दुखणं उसळण्याचे दिवस येतील. त्यांच्यासाठी आधीच, बऱ्या दिवशी, अर्धं पान लिहून ठेवा: माप निम्म्यावर आणायचं, शून्यावर नाही, शेक घ्यायचा, डॉक्टरांनी दिलेली गोळी किती आणि कधी, कुणाला सांगायचं, तिसऱ्या दिवशी माप पाऊणपट, सहाव्या दिवशी पूर्ववत. उसळी टाळणं तुमच्या हातात नाही, पण तिच्यातून बाहेर यायची वाट पाठ असली की तिची दहशत उरत नाही. माझ्या अनुभवात भरवशाचा आकडा सगळ्यात मोठी उडी घेतो तो पहिली उसळी अशी स्वतःच्या हाताने निभावल्यानंतर. आधीचे बिनदुखीचे आठवडे तेवढं करत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की तुमचे पती काही करू देत नाहीत, खुर्चीवरून उठायच्या आत हातातलं काढून घेतात. ते प्रेमाने करतात, त्यांना बोल लावू नका. पण असं दर वेळी झालं की ‘हिला जमत नाही’ हे न बोलता दिवसातून वीसदा सांगितलं जातं. जोडीदार जितका जास्त सांभाळतो तितकी कामं जास्त सुटलेली असतात, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. त्यांना वही दाखवा. ‘राहू दे, मी करतो’ ऐवजी ‘आज किती ठरलंय?’ एवढं विचारायला सांगा. आणि तुमचं माप पूर्ण झालं की उरलेलं काम त्यांनी खुशाल करावं.

काही गोष्टी या वाटेने सुटत नाहीत, तेही सांगून ठेवते. झोप पार उडालेली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, कशातच रस उरला नसेल, तर आधी किंवा सोबत त्यावर उपचार हवेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे दुखणं मनाचं असल्याची कबुली देणं नव्हे. आणि शाळेत सलग चार तास उभं राहावं लागत असेल, बसायला खुर्चीच नसेल, तर भरवसा साठपैकी साठ असला तरी तुम्ही थकणार. तिथे मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल. ओझी वाहून पोट भरणाऱ्या माणसाला ‘मापाने काम करा’ सांगणं सोपं असतं; त्याचं माप मुकादम ठरवतो.

दुखणं किती कमी होईल, असंही तुम्हाला मनातून विचारायचं असणार. काही जणांचं बरंच होतं, काहींचं थोडं. ऑस्ट्रेलियात ४९२ जुनाट कंबरदुखीच्या लोकांवर एक चाचणी झाली, २०२३ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात प्रत्येकाच्या भीतीच्या हालचाली शोधून, त्यांच्याकडूनच त्या पुन्हा सवयीच्या करून घेतल्या गेल्या. १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी, पुढे एक उजळणीची. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत अपंगत्व बरंच कमी झालं आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही ते टिकून होतं. टिकणं हा शब्द या क्षेत्रात सहसा वाचायला मिळत नाही. पडून राहून करून घ्यायच्या उपचारांनी, म्हणजे यंत्रं, मालीश वगैरेंनी, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. त्याला माझा विरोध नाही, पण टेबलावरून उतरताना ‘त्यांनी बरं केलं’ असं वाटतं, आणि भरवसा जमा होतो तो माझ्या खात्यात. तुमचं खातं तसंच राहतं.

राहता राहिला पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत अशा गोष्टींच्या यादीत कमरेचे पट्टे आहेत, कंबर ताणायला वजन लावणंही आहे. तरी तो आजच फेकून देऊ नका. पाच वर्षांचा टेकू एका दिवसात काढला की पहिल्याच ठणक्याला तुम्ही तो दुप्पट घट्ट बांधाल. तो सध्या कधी-कधी लावता ते तीन दिवस लिहा. मग ज्या कामाला त्याची सगळ्यात कमी गरज वाटते, तिथून काढा. बहुधा ते घरात बसून वह्या तपासणं असेल. आठवड्याने दुसरं काम. शाळेत जाताना शेवटी काढायचा, आणि सुरुवातीला पिशवीत असू द्यायला हरकत नाही. सहा आठवड्यांनी तो दहा ओळींचा कागद पुन्हा भरा आणि बेरीज करू नका. आधीचा कागद शेजारी ठेवून कुठल्या ओळी हलल्या तेवढं पाहा. घरकामाची ओळ हलली असेल आणि नोकरीची नसेल, तर पुढच्या सहा आठवड्यांचं माप शाळेतल्या कामांचं ठरवायचं.